कोल्हापूरच्या उद्यमनगरातले पंप-नोझलवाले काका: जुन्या बसचं इंजिन उघडायच्या आधी इथे या

डिझेलचा पंप आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल दुरुस्त करणाऱ्या या दुकानाला पाच स्टार देतेय आणि का देतेय ते जरा सविस्तर लिहिते. जुनी बस घेऊन तिचं काहीतरी वेगळंच करणारी माणसं आता बरीच दिसतात, कुणी कॅम्पर केलाय, कुणी फिरता दवाखाना, आणि सगळ्यांचं गाडं शेवटी इंजिनपाशीच अडतं.

आमची बस आधी शाळेची होती. टाटाची, ६९७ इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिमीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), नावातच सगळं आलं. शाळेने काढली तेव्हा आम्ही घेतली, सीटा काढल्या, दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं बसवली, मागे सतरंजी. ऊसतोडीच्या हंगामात शिरोळ-हातकणंगले भागात कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर जातो, त्यांच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवतो, पुस्तकं बदलून देतो. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च बस रोज पळते आणि पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी. हे उभं राहणंच तिला बाधलं होतं, पण ते आम्हाला इथे आल्यावर कळलं.

झालं असं की दसऱ्याच्या आधी काढायला गेलो तर सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, कशीबशी चालू झाली की पांढऱ्या धुराचा लोट, गरम झाल्यावर तो जायचा पण चढाला लागली की काळा धूर आणि ओढ अजिबात नाही. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी लांबूनच धूर बघितला आणि सांगितलं लाइनर-पिस्टन गेलेत, फुल इंजिन करायला लागेल, एक लाख चाळीस हजार. नुसता धूर बघून, एकही नट न खोलता. आमचं वाचनालय लोकांनी दिलेल्या पाचशे-हजारावर चालतं हो, त्या रात्री मला झोप लागली नाही, हंगाम तोंडावर आणि बस अशी.

शेजारचे एक काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते म्हणाले आधी उद्यमनगरात पंप-नोझलवाल्याकडे दाखव, मग इंजिनला हात लाव. म्हणून इथे आलो.

इथल्या मिस्त्रीकाकांनी बॉनेटला हात लावायच्या आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. पाणी कमी होतंय का? ऑइल किती खाती? किती दिवस हुबी हुती? टाकीत डिझेल किती हुतं? मी सांगितलं पाणी जात नाही, ऑइल फारसं कमी होत नाही, टाकी पाव होती. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघितलं, तिथून जोरात धूर मारत नव्हता. मला जवळ बोलावून समजावलं, ताई, पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर हितनं भकाभका धूर आला असता आणि सायलेन्सरला निळा दिसला असता. पांढरा म्हंजे न जळलेलं डिझेल. तरी खात्री म्हणून सहाही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे आत दाब किती धरतोय ते मोजलं, गेजचा आकडा प्रत्येक वेळी मला दाखवला. सहाही जवळजवळ सारखे. म्हणजे इंजिन चांगलं होतं. खरं सांगते, तिथेच डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं काम मी स्टुलावर बसून बघितलं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला येणारा पाइप सोडवला आणि वर टांगलेल्या कॅनमधून स्वच्छ डिझेल दिलं, हवा काढली, तर बस पहिल्या सेल्फला चालू! मग टाकीपासूनची लाइन तपासली तर चेसिसच्या कडेला रबरी पाइप क्लॅम्पपाशी चिरलेला. मला प्रश्न पडला की मग डिझेल गळत का नव्हतं. काका म्हणाले ती ओढायची बाजू आहे, तिथे डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते, आणि रात्रभरात पाइपातलं डिझेल परत टाकीत उतरतं, म्हणून सकाळी त्रास. पंपाच्या पुढची बाजू असती तर थेंब दिसला असता. गळत नाही म्हणून कुणी त्या पाइपाकडे बघतच नाही, आम्हीही बघितलं नव्हतं.

टाकीचा खालचा प्लग काढला तर आधी पाणी आलं, मग काळपट चिखल. अर्धवट भरलेल्या टाकीत पावसाळ्यात आतून दव धरतं, पाणी तळाला बसतं, आणि डिझेल-पाणी जिथे भेटतं तिथे बुळबुळीत घाण वाढते. दोन्ही फिल्टर चोंदलेले होते.

नोझल टेस्टरवर लावल्या ते तर बघण्यासारखं होतं. चांगली नोझल हाताने पंप मारला की चर्रर्र आवाज करत धुकं सोडते. आमच्या सहापैकी दोन दीडशे बार दाबालाच सुटत होत्या आणि टोकाला थेंब धरत होत्या, दोनशेच्या आसपास उघडायला हव्यात. थेंब पडला की तो नीट जळत नाही, काळा धूर तिथला, आणि असंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. सहाही नोझल नवीन टाकल्या. नोझलना डिझेल पाठवणारा मुख्य पंप मायकोचा लाइनवाला, आता कंपनीचं नाव बॉश झालं तरी इथे सगळे मायकोच म्हणतात. तो बेंचवर लावून सहाही लाइनचं डिझेल काचेच्या नळ्यांत मोजलं, दोन नळ्या कमी भरत होत्या, ते सारखं केलं. गाडीवर परत बसवताना हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावून, इंजिन हाताने हळूहळू फिरवत, डिझेलची धार थांबून थेंबावर येते तिथे टायमिंग (डिझेल नेमकं कधी सुटायचं ते) धरलं. अंदाजाने नाही, कानाने नाही. मला हे फार आवडलं. शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर, इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी, फिलरची पातळ पट्टी घालून.

बिल एकवीस हजार चारशे, जुन्या नोझल आणि फिल्टर पिशवीत घालून परत दिले. नंतर पीयूसीला धुराचा आकडा ४१ आला, हार्ट्रिज युनिटमध्ये (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ आहे.

आता तक्रारी. दोन दिवस म्हणाले आणि चार लागले, फोन उचलत नाहीत, आणि गल्लीत बस वळत नाही, मागे मागे घ्यावी लागते, तेव्हा सकाळी नऊच्या आत आलात तरच जागा मिळेल. बिल हाताने लिहितात, पार्टची ओळ वेगळी मागून घ्या, मागितली की देतात. ब्रेक, क्लच, वायरिंग यातलं ते काहीच करत नाहीत आणि तसं सरळ सांगतात.

निघताना पावसाळ्यासाठी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, ज्यांची गाडी उभी असते त्यांना उपयोग होईल. टाकी काठोकाठ भरून उभी करायची, आत हवाच राहिली नाही तर दव कुठून धरणार. दर पंधरा दिवसांनी काढायची, पण जागेवर घरघर ठेवून बंद करायची नाही, त्याने इंजिन नीट तापत नाही आणि कार्बन धरतो, तर वीस-पंचवीस किलोमीटर रस्त्यावर पळवून काटा वर येऊ द्यायचा. काढायच्या आधी टाकीचा प्लग थोडा सैल करून पाणी येतंय का बघायचं. यंदा आम्ही बसला जयसिंगपूरपर्यंत फिरवून आणतो, रिकामीच, शेजारची पोरं हट्टाने बसतात.

पंधरा दिवस चालवून इंजेक्टरच्या पाइपांचे नट परत आवळायला या म्हणाले होते. गेलो, तर दुकानात गर्दी असूनही स्वतः गाडीखाली गेले, एकेक नट बघितला, पैसे घेतले नाहीत. जाताना पोरांसाठी दोन गोष्टींची पुस्तकं दिली, म्हणाले माझा नातू मोठा झाला, आता ही कपाटात लावा.