ताट बदलायचं की नवा उपचार घ्यायचा? तक्रारीनुसार तुलना

“नैसर्गिक काहीतरी सुरू करू, की तो नवा उपचार करून बघू?” असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: कशासाठी? रक्तदाब थोडा वर गेलाय, पोट साफ होत नाही, झोप लागत नाही, गुडघा दुखतो, की नुसताच उत्साह वाटत नाही? तक्रार बदलली की उत्तर बदलतं. काही तक्रारींत अन्नाची बाजू इतकी भक्कम आहे की दुसरीकडे बघायची गरज नाही, काहींत अन्नाचा हात तिथवर पोहोचतच नाही, आणि एखाद्या ठिकाणी दोन्हीकडे फारसं काही नाही. म्हणून इथे एकेक तक्रार घेऊन दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या आहेत.

रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल

इथे मी नि:संकोच अन्नाच्या बाजूने आहे. त्यातही एखाद्या ‘गुणकारी’ पदार्थाच्या नव्हे, अख्ख्या ताटाच्या. अमेरिकेतल्या ‘डॅश’ चाचणीचे निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. 459 प्रौढांना रोजचं जेवण चाचणीतूनच पुरवलं गेलं. मीठ सगळ्यांना सारखं, वजनही घटू दिलं नाही. एका गटाच्या ताटात फळं, भाज्या आणि कमी चरबीचे दुधाचे पदार्थ वाढवले, संपृक्त चरबी कमी केली, बस्स. आठ आठवड्यांत त्या गटाचा वरचा रक्तदाब नेहमीचं जेवण घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 5.5 अंकांनी जास्त उतरला. ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता त्यांच्यात हा फरक 11.4 अंकांचा होता. रक्तदाबाच्या एका गोळीकडून डॉक्टर साधारण एवढीच अपेक्षा ठेवतात. फरक दिसायला दोन आठवडेही पुरले.

कोलेस्टेरॉलचं गणित जरा वेगळं. ओट्स आणि बार्लीतला बीटा-ग्लुकान नावाचा तंतू, किंवा इसबगोल, पोटात गेल्यावर चिकट जेलीसारखा होतो आणि पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं, म्हणून रक्तातली पातळी घसरते. त्यासाठी बीटा-ग्लुकान रोज 3 ग्रॅम लागतं, म्हणजे सुमारे 75 ग्रॅम कोरडे ओट्स. फायदा खरा आहे, पण माफक: वाईट कोलेस्टेरॉल पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. स्टॅटिन गोळ्या ते 30 ते 50 टक्क्यांनी उतरवतात. अहवालातला आकडा सीमारेषेवर असेल तर ओट्सला दोन-तीन महिने जरूर द्या. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ओट्स गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

ऑलिव्ह तेल आणि सुकामेव्याच्या बाजूने नेहमी स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ चाचणीचा दाखला दिला जातो. सुमारे 7,400 लोक त्यात होते आणि हृदयविकार, पक्षाघात यांचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांनी कमी दिसलं. पण 2013 चा हा मूळ शोधनिबंध मागे घ्यावा लागला होता, कारण काही ठिकाणी लोकांची गटवारी चिठ्ठी टाकल्यासारखी निष्पक्ष झाली नव्हती. 2018 मध्ये फेरमांडणी करून तो पुन्हा छापला गेला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला, खात्री मात्र थोडी सैल झाली. दाखला देणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

उपचारांच्या बाजूला इथे सौना, म्हणजे खूप तापवलेल्या खोलीत घाम येईपर्यंत बसणं, उभा आहे. फिनलंडमधल्या 2,315 मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षं नजर ठेवली, तेव्हा आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. रोज उष्णतेत बसू शकणारा माणूस मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त. आवडत असेल आणि हृदयाची काही तक्रार नसेल तर घ्या, रक्तदाबावरचा इलाज म्हणून नको.

आणि एक सापळा. ‘रेड यीस्ट राइस’ नावाच्या कॅप्सूल नैसर्गिक म्हणून विकल्या जातात. त्यातलं मोनॅकोलिन के आणि लोवास्टॅटिन हे औषध रासायनिकदृष्ट्या एकच. म्हणजे स्टॅटिन टाळायला घेतलेल्या कॅप्सूलमधून स्टॅटिनच पोटात जातं, स्नायूदुखीसारख्या त्रासांच्या शक्यतेसह, आणि किती जातं याचा नेम नसतो.

अन्न कॅप्सूलमध्ये शिरलं की

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाजरासारख्या भाज्या-फळांतून बीटा-कॅरोटिन भरपूर मिळवणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं निरीक्षणांतून दिसत होतं. मग फिनलंडमध्ये 29,133 पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली आणि काहींना त्याच बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. 1994 मध्ये निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतली तशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर तेच, त्यातला घटक तोच, पण एकटा आणि मोठ्या मात्रेत दिल्यावर तो उलटला.

ग्रीन टीचंही तसंच. कपातून प्यायलेला चहा बहुतेकांना सोसतो. त्याच्या अर्काच्या गोळ्यांतून ईजीसीजी हा घटक रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिला. हळदीतलं कर्क्युमिन फार कमी शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीतलं पायपरिन घालून शोषण वाढवतात. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. जेवणातली चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल यांना एकाच नावाने ओळखणं चुकीचं आहे. म्हणून या लेखात ‘अन्न’ म्हणताना मी चावून, पिऊन खाल्लेलं अन्नच धरते. कॅप्सूल मी औषधांच्या रांगेत बसवते, आणि तिला औषधाचेच प्रश्न विचारते.

पोट

साध्या बद्धकोष्ठतेत अन्न जिंकतं, आणि लवकर. इसबगोल, भरपूर पाणी, फळं. सुक्या आलुबुखाराने एका छोट्या चाचणीत इसबगोललाही मागे टाकलं होतं. फक्त चोथा एकदम वाढवू नका. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवला नाही तर पोट फुगतं, आणि ‘मला हे मानवत नाही’ म्हणून चांगली गोष्ट सुटते.

आतड्यातल्या जीवाणूंसाठी आंबवलेले पदार्थ की प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जीवाणूंची, कॅप्सूल? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात 36 निरोगी प्रौढांना दोन गटांत विभागलं. एकाने दहा आठवडे दही, केफिर, किमची, कोंबुचा असे आंबवलेले पदार्थ वाढवले, दुसऱ्याने चोथा. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित 19 प्रथिनं कमी झाली. चोथ्याच्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात मोजले ते रक्तातले खुणेचे आकडे, आजार नव्हे. तरी दिशा आश्वासक आहे, आणि दही खाऊन बघण्यात धोका तो काय?

कॅप्सूलच्या बाजूला इतकं आश्वासक चित्र नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचं म्हटलं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या 2018 च्या प्रयोगात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जीवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

नव्या उपचारांतलं माझ्या मते सर्वांत लखलखीत यश मात्र पोटाचंच आहे: विष्ठा-प्रत्यारोपण. नाव ऐकून नाक मुरडू नका. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जीवाणूचे भयंकर जुलाब काहींना पुन:पुन्हा होतात. नेदरलँड्समधल्या चाचणीत, 2013 मध्ये, निरोगी माणसाच्या विष्ठेतले जीवाणू एकदाच आतड्यात सोडल्यावर 16 पैकी 13 रुग्ण बरे झाले. नेहमीच्या औषधाने 13 पैकी फक्त चौघे. फरक इतका मोठा की चाचणी मध्येच थांबवली. अमेरिकेत 2022 मध्ये अशा पहिल्या उत्पादनाला आणि 2023 मध्ये तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलला मान्यता मिळाली. ही मान्यता या एकाच आजाराचे झटके पुन्हा येऊ नयेत एवढ्यासाठी आहे. पोटातल्या गॅससाठी नाही, वजनासाठी नाही. घरच्या घरी तर चुकूनही नाही: 2019 मध्ये दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे जीवाणू गेल्याने एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचं अमेरिकी नियामकांनी जाहीर केलं होतं.

झोप

इथे अन्नाची खरी मदत काही खाण्यात नाही, काही सोडण्यात आहे. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिनने झोप तासाभराहून अधिक घटल्याचं 2013 च्या एका प्रयोगात दिसलं. संध्याकाळची कॉफी बंद करणं हा कुठल्याही फळापेक्षा मोठा उपाय आहे. किवी आणि आंबट चेरीने झोप सुधारते असे अभ्यास आहेत, पण फार लहान. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या बाटलीबद्दल सावध राहा: कॅनडात 31 उत्पादनं तपासली तेव्हा आतलं प्रमाण लेबलपेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्तपर्यंत निघालं, आणि आठांमध्ये सेरोटोनिनही सापडलं.

महिनोन्‌महिने झोप लागत नसेल तर मी सरळ उपचाराकडे बोट दाखवेन. निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धती, सीबीटी-आय, ही अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये गोळ्यांच्याही आधीचा, पहिला उपाय म्हणून सांगितली. आता ती अ‍ॅपवरही मिळते. अंथरुणातला वेळ कमी करायचा, झोप आली तरच आडवं व्हायचं, डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, सकाळी ठरल्या वेळी उठायचंच. पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग येते, आणि बरेच जण तिथेच सोडतात. तेवढं निभावलं तर गोळ्या थांबवल्यावर त्यांचा फायदा विरतो, तसा हा विरत नाही. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल, किंवा काम वाहन चालवण्याचं असेल, तर मात्र झोप कमी करण्याचा भाग तज्ज्ञाला विचारूनच.

गुडघा

दोन्ही बाजू निराश करतात. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स गुडघ्यात टोचण्याच्या पीआरपी उपचाराची ऑस्ट्रेलियात 288 जणांवर चाचणी झाली, 2021 मध्ये निकाल आला: वर्षभराने वेदनेत किंवा कूर्चेत खारट पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा लक्षणीय फरक नव्हता. सांध्यांसाठी विकलं जाणारं ग्लुकोसामाइन 1,583 जणांच्या अमेरिकी चाचणीत एकंदरीत साखरेच्या गोळीपुढे सरस ठरलं नाही. कर्क्युमिनने वेदना थोडी कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसतं, पण ते छोटे आणि थोड्या काळाचे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं, हेच उरतं: शरीराचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेवढ्यापुरता अन्नाचा वाटा.

थकवा आणि ‘एकंदर तब्येत’

सगळ्यात जास्त विक्री इथे चालते, आणि सगळ्यात पातळ पुरावाही इथेच. शिरेतून जीवनसत्त्वं घेण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि थायरॉइड तपासा. कमतरता निघाली तर ती बहुधा साध्या गोळीने किंवा ठरलेल्या इंजेक्शनने भरून निघते. निघालीच नाही, तर पाण्यात विरघळणारी जादा जीवनसत्त्वं बहुतांशी लघवीवाटे जातात. बी6 मात्र दीर्घकाळ अति झालं तर नसांना इजा करतं. अधिकाच्या हव्यासाचा हिशेब ‘व्हायटल’ चाचणीतही दिसला: 25,871 लोकांत रोज 2,000 युनिट ड जीवनसत्त्वाने कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण घटलं नाही.

बंद कोठडीत बसून घ्यायचा दाबाखालचा प्राणवायू हा खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आणि मधुमेहातल्या न भरणाऱ्या काही जखमांवर खरा उपचार आहे. निरोगी माणसाला तरतरीसाठी त्या कोठडीत बसवताना कानाला इजा आणि आगीचा धोका विनाकारण पत्करला जातो. लाल दिव्याच्या प्रकाशाने करायच्या उपचाराचंही तेच: कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटू नये म्हणून तो उपयोगी पडतो, पण एका आजारातला पुरावा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. थंड पाण्यात बसून ताजंतवानं वाटतं हे खरं, मात्र स्नायू वाढवायला वजनं उचलत असाल तर लगेच नंतर बसू नका. बारा आठवड्यांच्या एका अभ्यासात त्यामुळे स्नायूंची वाढ कमी झाली.

सुरू करण्याआधी

आधीची औषधं चालू असतील तर ‘साधं अन्न’ही निरुपद्रवी नसतं. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये, कारण त्यातलं के जीवनसत्त्व औषधाचा असर बदलतं. ग्रेपफ्रूटमुळे काही स्टॅटिन रक्तात जास्त साठतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॅशच्या ताटातलं पोटॅशियमच घातक ठरू शकतं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवरची वनस्पती तर गर्भनिरोधक गोळ्यांपासून प्रत्यारोपणानंतरच्या औषधांपर्यंत अनेकांचा असर कमी करते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर लसणाच्या कॅप्सूलपासून माशाच्या तेलापर्यंत सगळी यादी भूलतज्ज्ञाला आधीच दाखवा. यातल्या काही गोष्टी रक्तस्राव वाढवू शकतात, आणि वनौषधी साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात.