टाचदुखीवर घेतलेल्या तीन वस्तू : एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचा वापर

सिलिकॉनचा हील कप, तळव्याच्या कमानीला आधार देणारा पूर्ण लांबीचा इनसोल आणि घरात घालण्याच्या एम.सी.आर. (मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपला या तीन वस्तू मी गेल्या वर्षी गणवेशाचा हंगाम उरकल्यावर घेतल्या आणि या वर्षीचा हंगाम संपेपर्यंत नियमित वापरल्या. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी एका कारखान्यात मी कटिंग विभाग पाहतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत कटिंगच्या टेबलाशी दिवसभर उभे राहावे लागते, पायाखाली शहाबादी फरशी असते आणि बसायची सवड जेवणापुरतीच मिळते. ज्यांचे काम असेच उभ्याचे आहे, म्हणजे शिक्षक, दुकानातले विक्रेते, पोलीस, यंत्रमागावरचे कामगार आणि ओट्याशी उभ्या राहणाऱ्या गृहिणी, त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

आधी दुखणे नेमके कोणते होते ते सांगितले पाहिजे, कारण वस्तूचा गुण त्यावरच ठरतो. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताना टाचेच्या आतल्या बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ येत असे, चार पावले चालल्यावर ती ओसरत असे आणि दुपारी जेवून उठताना पुन्हा येत असे. अस्थिरोगतज्ज्ञांनी टाचेवर अंगठा दाबून पाहिला आणि याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात असे सांगितले. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो आणि तोच पायाची कमान ताणून धरतो. या पट्ट्यावर सतत ताण पडत राहिला की तो हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे त्याची झीज होते. रात्रभर पाऊल सैल पडल्याने पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ सर्वांत वाईट असते. चाळिशी ते साठी हे वय, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या आणि कठीण जमिनीवरचे उभे काम ही त्याची नेहमीची कारणे आहेत, आणि माझ्याकडे त्यांपैकी एकाचीही उणीव नव्हती.

आपल्याकडे टाच दुखली की ‘हाड वाढलंय’ असे सर्रास म्हटले जाते. एक्स-रेमध्ये माझ्याही टाचेला काट्यासारखे टोक दिसले होते, परंतु असे टोक टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसते आणि ते तसेच राहूनही दुखणे बरे होते. तेव्हा केवळ ते टोक पाहून कोणी शस्त्रक्रियेचा विषय काढला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. यूरिक अ‍ॅसिडची तपासणीही पुष्कळ जण आपणहून करून येतात. ते अ‍ॅसिड वाढून होणाऱ्या गाउट या सांधेदुखीचा झटका मात्र बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात येतो आणि तो सांधा लाल होऊन सुजतो.

आता वस्तूंकडे वळतो. सिलिकॉनचा हील कप तिन्हींत स्वस्त असून औषधांच्या दुकानात सहज मिळतो. पहिल्या आठवड्यात त्याने इतके बरे वाटले की बाकी काही घ्यायला नको असे वाटू लागले होते. टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी त्याच्या खोलगट आकारात एकवटते आणि आदळणारा भार थोडा कमी होतो, एवढेच त्याचे काम. कमानीला त्याचा आधार नाही. शिवाय टाच उंचावल्याने सैल बुटातून पाऊल निसटते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना घामाने तो बुटात पुढे सरकतो. दोन्ही पायांत घातला नाही तर कंबर भरून येते, म्हणून एकच टाच दुखत असली तरी जोडी वापरावी. मी तो आता फक्त लग्नसमारंभाच्या बुटांत ठेवतो.

इनसोलविषयी अधिक लिहिण्यासारखे आहे. निवडताना माझा कल मऊ गादीकडे होता, कारण दुखऱ्या टाचेला मऊ हवे असे कोणालाही वाटते. पण फार मऊ इनसोल भाराखाली बसतो आणि कमान पुन्हा खाली जाते. मी शेवटी घेतला तो वरून मऊ, खालून टणक आणि टाचेशी खोलगट असा होता. अंगठ्याने कमानीची जागा दाबून पाहिली आणि ती सहज दबली नाही, तेव्हा तो घेतला. मापाचा साचा काढून खास बनवून देणारेही भेटतात आणि त्यांचा दर तयार इनसोलच्या कितीतरी पट असतो. पण या दुखण्यापुरते पाहिले तर तयार आणि बनवून घेतलेल्या इनसोलच्या गुणात फारसा फरक पडत नाही, असेच आजवरच्या तुलनांतून दिसले आहे. पाय जन्मतः वेडावाकडा असेल किंवा मधुमेहाने संवेदना गेली असेल, तर गोष्ट वेगळी.

पहिले काही दिवस कमानीत गोटी रुतल्यासारखे वाटते. म्हणून सुरुवातीला तासभर, मग दोन तास असे वाढवत न्यावे. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीभर घालून नंतर ‘सोसला नाही’ म्हणणारे आमच्याच कारखान्यात दोघे-तिघे आहेत. इनसोल घालताना बुटातले मूळ अस्तर काढावे, नाहीतर बोटांना जागा उरत नाही. बूटही असा हवा की त्याचा टाचेमागचा भाग चिमटीत दाबला जाऊ नये आणि तो मधोमध न वाकता बोटांपाशीच वाकावा. नवा बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. झिजलेल्या, एका अंगाला कललेल्या बुटात कितीही चांगला इनसोल घातला तरी पैसे वायाच जातात.

एम.सी.आर. चपलांबद्दल माझे मत सर्वांत चांगले आहे, यद्यपि दिसायला त्या सर्वांत बेंगरूळ आहेत. बारीक बुडबुडे असलेल्या मऊ रबराचा वरचा थर आणि खाली टणक तळ अशी त्यांची रचना असते. पायाची संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांसाठी आणि मधुमेहींसाठी त्या आपल्या देशात कितीतरी वर्षांपासून वापरल्या जातात. कारखान्यात बूट घालून सांभाळलेली टाच घरी येऊन शहाबादीवर अनवाणी आपटली, तर दिवसाची सारी मेहनत पाण्यात जाते. आमच्या घरात स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, म्हणून आईने आधी ठाम नकार दिला होता. घराबाहेर कधीच न नेलेली वेगळी जोडी आणल्यावर तिने देवघर सोडून सगळीकडे परवानगी दिली, आणि आता स्वतःसाठीही एक जोडी मागवून घेतली आहे. दोष म्हणजे ओल्या फरशीवर त्या घसरतात आणि टाचेखालचे रबर काही महिन्यांत दबून पातळ होते.

तरीही श्रेय वाटायचे झाले तर मी वस्तूंना निम्म्याहून कमी देईन. उरलेले व्यायामाचे आहे आणि त्याला खर्च नाही. पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा ताठ लागला की दहापर्यंत मोजायचे आणि असे दहा वेळा करायचे. नंतर भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ व टाच जमिनीला चिकटवून पोटरी अर्धा मिनिट ताणायची. तिसरा प्रकार फिजिओथेरपिस्टनी शिकवला : टॉवेलची गुंडाळी जिन्याच्या पायरीवर ठेवून तिच्यावर बोटे येतील असे उभे राहायचे, टाच सावकाश वर उचलायची, क्षणभर थांबायचे आणि तितक्याच सावकाश खाली न्यायची, तेही एक दिवसाआड. टॉवेलला तर सोलापुरात तोटा नाही. पाण्याची बाटली गोठवून ती तळव्याखाली फिरवल्याने संध्याकाळची ठणक कमी होते. ते मात्र तात्पुरतेच. या सगळ्याचा गुण आठवड्यांत दिसत नाही, महिन्यांत दिसतो. दहांपैकी आठ किंवा त्याहून अधिक रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते म्हणून माझा धीर टिकला.

मधल्या काळात टाचेत इंजेक्शन घेण्याचा आग्रह अनेकांनी केला. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दुखणे लवकर दबते, पण तो आराम बहुधा काही आठवड्यांपुरता असतो, आणि वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा व टाचेखालची चरबी विरण्याचा धोका असतो. असह्य झाले असते तर मी एकदा घेतलेही असते. तशी वेळ आली नाही.

जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालण्याचा प्रघात आहे. या वेळी मी टाचेला टेप लावून थोडे अंतरच चाललो, आणि दुसऱ्या सकाळी कळ पुन्हा जाणवली तरी ती त्याच आठवड्यात गेली. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना मात्र मी आवर्जून सांगतो की पंचेचाळीसेक किलोमीटरच्या त्या वाटेवर कोरे बूट घालू नयेत. घासणाऱ्या जागी आधीच टेप किंवा व्हॅसलीन लावावे, जादा मोजे बरोबर ठेवावेत आणि आलेला फोड फोडू नये. वाटेत घोटा मुरगळला तर चोळू नये. बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणे एवढे पहिल्या दिवशी पुरे. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. सूज उतरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव केला नाही, तर तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

बंद बुटांची एक किंमत पावसाळ्यात मोजावी लागली : बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. बेचके कोरडे पुसणे, रोज धुतलेले सुती मोजे आणि बुरशीवरचे मलम खाज थांबल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावणे, यांनी त्या गेल्या. हिवाळ्यातल्या भेगांना युरियायुक्त मलम रात्री लावून मोजे घातल्याचा चांगला उपयोग झाला.

मधुमेह असलेल्यांनी माझ्या अनुभवावर विसंबून काहीही विकत घेऊ नये. कुरूप काढण्याच्या पट्ट्यांमध्ये आम्ल असते आणि बधिर पायाला त्याची जखम कळतही नाही. गरम पाण्यात पाय बुडवण्याचेही तसेच. त्यांनी रोज तळवे आरशात पाहावेत आणि इनसोलसुद्धा डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा. टाचेत मुंग्या येणे, झोपेतही ठणकणे, ताप येणे, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबर बराच वेळ आखडलेली राहणे, ही लक्षणे साध्या टाचदुखीची नव्हेत.

आज सकाळचे पहिले पाऊल मी न कचरता टाकतो. मालाची घाई असलेल्या दिवशी रात्री टाच थोडी बोलते. पुन्हा खरेदी करायची झाल्यास हील कप घेणार नाही, इनसोल आणि चपला घेईन. इनसोल साबणाच्या गार पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, कारण आपल्याकडच्या उन्हात तो आक्रसतो आणि थर सुटतात. कमानीची जागा अंगठ्याने सहज दबू लागली की जोडी बदलावी. माझी पहिली जोडी हंगामाच्या अखेरीस त्या अवस्थेला आली आणि त्याच प्रकारची दुसरी मी आणली आहे.