व्हाउचरवर फक्त त्याचाच नंबर होता

फुकेतच्या हॉटेलात सकाळचे सव्वासात वाजले होते. सासूबाई डोक्याला रुमाल बांधून, लेक पोहायचे कपडे आतून घालून, नवरा गळ्यात मोबाइलची प्लॅस्टिकची पिशवी अडकवून, असे आम्ही चौघं लॉबीतल्या सोफ्यावर रांगेने बसलो होतो. सातचा पिकअप होता. फी फी बेटं आणि माया बे, स्पीडबोटीने, जेवणासकट. शेवटी मी काउंटरवरच्या मुलीला व्हाउचर दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. "माया क्लोज. ऑगस्ट, सप्टेंबर, क्लोज."

पावसामुळे आजच्यापुरतं बंद असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. माया बे दरवर्षी 1 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर बंदच असतो. पर्यटकांच्या लोंढ्याने तिथलं प्रवाळ मरायला लागलं म्हणून 2018च्या जूनमध्ये थायलंडने तो किनारा बंद केला, 2022च्या जानेवारीत पुन्हा उघडला, आणि आता दरवर्षी त्याला दोन महिने विश्रांती देतात. उघडा असतो तेव्हाही तिथे पोहू देत नाहीत. आमच्या कागदावर मात्र 16 ऑगस्टला ‘माया बे विथ स्विमिंग’ असं छापलेलं होतं. फसवायचं तर निदान नीट फसवावं, एवढीही तसदी आमच्या ट्रॅव्हल एजंटाने घेतली नव्हती. आणि मी दोन मिनिटं शोधलं असतं तर हे घरबसल्या कळलं असतं. शोधलं नाही, कारण ‘सगळं पॅकेजमध्ये आहे ना!’

हा एजंट आम्हाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मिळाला. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, त्याचं दुकान नौपाड्यात. आमच्यापैकी कोणीच आधी परदेशी गेलेलं नव्हतं. 2025च्या ऑगस्टमध्ये पंधरा तारीख शुक्रवारी, शनिवारी दहीहंडी, मग रविवार, म्हणून तेव्हाच निघायचं ठरलं. (टेंभी नाक्याची हंडी चुकणार म्हणून लेक आठवडाभर फुगली होती.) दुकानात एसी, भिंतीवर आयफेल टॉवर, चहा लगेच. "मॅडम, तुम्ही फक्त बॅगा भरा." कोटेशन त्याने तिथल्या तिथे काढून दिलं: पॅकेज 2,48,000, जीएसटी 5 टक्के म्हणजे 12,400, त्यावर टीसीएस, म्हणजे एजंट आपल्याकडून आगाऊ घेतो तो आयकर, 5 टक्के 13,020. एकूण 2,73,420. मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे बेरीज तपासली. बरोबर होती. प्रत्येक पानावर ‘साइटसीइंग’ऐवजी ‘साइटसीन’ लिहिलं होतं, त्यावर आम्ही घरी हसलोसुद्धा. पैसे जुलैत तीन हप्त्यांत दिले, ‘करंट अकाउंटला जरा प्रॉब्लेम आहे’ म्हणून त्याच्या बायकोच्या खात्यावर. अकाउंट्सवाली बाई हे करते. काय बोलणार!

निघायच्या आधी माणशी 1,200 रुपये आणखी घेतले, थायलंडच्या डिजिटल अरायव्हल कार्डाची फी म्हणून. चौघांचे 4,800. हे कार्ड 1 मे 2025पासून सुरू झालंय, त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते पूर्ण फुकट आहे.

आता यातली ग्यानबाची मेख सांगते. विमानाची तिकिटं खरी होती, हॉटेलचं बुकिंगही खरं होतं. पीएनआर टाकून मी स्वतः बघितला होता, हॉटेलला मेल करून विचारलं होतं. त्यामुळे बाकी सगळंही खरंच असणार असं आपलं आपण धरून चाललो. पण तिकीट आणि हॉटेल या गोष्टी घरबसल्या तपासता येतात, म्हणून तिथे तो हात मारत नाही. तो हात मारतो ते मधल्या भागावर. एअरपोर्टवरून हॉटेल, हॉटेलवरून जेट्टी, दिवसाच्या सहली. ते खरं की खोटं, हे तुम्ही तिथे जाऊन उभे राहिल्यावरच कळतं.

तसं पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. फुकेत एअरपोर्टच्या बाहेर पाट्या घेऊन निदान तीस ड्रायव्हर उभे, आमच्या नावाचा एकही नाही. फोन केला तर "ड्रायव्हर पाच मिनिटांत". अशी पाच मिनिटं दीड तास चालली. शेवटी हजार बाट देऊन टॅक्सी केली. एक बाट तेव्हा 2 रुपये 70 पैशांच्या आसपास होता. "होतं असं कधीकधी," नवरा म्हणाला, आणि आम्ही बीचवर गेलो. पाटाँगला लाल झेंडे लागलेले होते. त्या बाजूच्या समुद्राला मे ते ऑक्टोबर आपल्यासारखाच पावसाळा असतो, हेही तिथेच समजलं.

लॉबीतल्या त्या सकाळी मी व्हाउचर पहिल्यांदा नीट वाचलं. वर त्याच्या दुकानाचा लोगो, खाली ‘इमर्जन्सी काँटॅक्ट’ म्हणून त्याचाच मोबाइल. बोट कोणाची, गाडी कोणाची, बुकिंग नंबर काय, यातलं काही नाही. हॉटेलच्या मुलीने तिच्या ओळखीच्या दोन बोटवाल्यांना फोन करून विचारलं, आमचं नाव कुणाकडेच नव्हतं. मी त्याला फोन लावला, बंद. तिकडे सव्वासात म्हणजे ठाण्यात पावणेसहा. "झोपला असेल मेला," सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर पूर्ण ट्रिपमध्ये त्याने एकदाच फोन उचलला आणि "डीएमसीने गोंधळ घातलाय" असं सांगितलं. डीएमसी म्हणजे तिथला स्थानिक ऑपरेटर, ज्याच्याकडून इथले एजंट गाड्या आणि सहली विकत घेतात. त्याचं नाव विचारलं, तर लाइन कट.

पुढचं सगळं आम्हीच जमवलं. फी फीच्या ऐवजी फांग-न्गा उपसागर पाहिला, तिथलं पाणी आडोशाचं असल्याने पावसाळ्यातही बोटी जातात. बँकॉकला सुवर्णभूमी विमानतळावरून रेल लिंकने शहरात गेलो, शेवटच्या स्टेशनापर्यंत माणशी 45 बाट, चौघांचे 180. म्हणजे पाचशे रुपयांच्या आत. लेकीने मोबाइलमध्ये बघून सगळ्या गाड्या बदलल्या. तेरा वर्षांची पोर जे अर्ध्या तासात शिकली, त्याचे पैसे आम्ही ‘प्रायव्हेट ट्रान्सफर’ म्हणून आधीच मोजून आलो होतो.

परत आल्यावर खरी गंमत झाली. दुकानात जाऊन मी न मिळालेल्या गोष्टींचे पैसे मागितले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या सगळ्याचे पॅकेजमध्ये फक्त अकरा हजार धरलेत." कोटेशनमध्ये एकच आकडा होता, प्रत्येक गोष्टीचा वेगळा नाही. त्यामुळे कशाचे किती, हे भांडण झाल्यावर तोच ठरवणार. आम्ही तिथे जाऊन पदरचे छत्तीस हजार घातले होते. शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तेव्हा पंधरा हजार परत आले. मग फोन बंद आणि शटर खाली.

टीसीएसचं तर मी विसरूनच गेले होते. हा कर एजंटाने गिऱ्हाइकाच्या पॅनवर भरायचा असतो आणि रिटर्न भरताना तो आपल्याला वळता मिळतो. जुलैत दिलेले पैसे ऑक्टोबरअखेर तरी माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या नोंदीत, दिसायला हवे होते. 13,020च्या जागी काहीच नव्हतं. मग कोटेशनवरचा 27ने सुरू होणारा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. तिथे कोणालाही, लॉगिन न करता, हे बघता येतं. नोंदणी रद्द झालेली होती, आणि तीही आम्ही त्याच्या दुकानात चहा प्यायलो त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त रुपये त्याने सरकारच्या नावाने घेतले आणि खिशात घातले. ऑफिसात मी रोज इतरांच्या बिलांवरचे हेच नंबर तपासते.

मागच्या महिन्यात माजिवड्याच्या माझ्या मैत्रिणीने बालीचं कोटेशन पाठवलं, एकदा नजर टाक म्हणाली. दुकानाचं नाव वेगळं, पत्ता वेगळा, लोगोत ताडाच्या झाडाऐवजी विमान. दर बरा वाटला. दुसऱ्या पानावर गेले तर तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘उबुद फुल डे साइटसीन, प्रायव्हेट कार.’