डोंगरमाथ्यावर आणि ओसाड वास्तूंत: कार्बन फायबरचा ट्रायपॉड
डोंगरमाथ्यावर आणि ओसाड पडलेल्या जुन्या वास्तूंमध्ये मी गेली दोन वर्षे हा ट्रायपॉड (कॅमेऱ्याची तिपाई) वापरत आहे. अंधाऱ्या दालनात एकाच खिडकीतून उजेड येत असताना आयएसओ १०० (कमी प्रकाशसंवेदनशीलता) आणि एफ/११ (लेन्सचे लहान छिद्र) ठेवले, तर कित्येकदा ८ सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागते, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवावे लागते. बाहेरचे आकाश आणि आतल्या भिंतीचे सुटलेले पोपडे दोन्ही टिपण्यासाठी २-२ स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने ५ छायाचित्रे घेऊन ती नंतर एकत्र केली, तेव्हा एकाही छायाचित्राची चौकट तसूभर सरकलेली नव्हती. कडाक्याच्या थंडीत याचे पाय ॲल्युमिनियमइतके गार लागत नाहीत, हे पहाटे फार मोलाचे वाटते. मधला दांडा मात्र वर उचलला की वाऱ्यात थरथरतो, म्हणून मी तो खालीच ठेवतो.