‘ऊर्जा कार्यक्षमता कार्यक्रमा’च्या नावाखाली सोसायटीला १,५३,५०० रुपयांचा चुना

‘हा डबा जोडा, वीजबिल कमी होईल’ असं सांगून पॉवर सेव्हर विकणारे कसे गंडवतात हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं, म्हणूनच जास्त चीड येते. आमच्याकडे आलेला माणूस पॉवर सेव्हर हा शब्द एकदाही बोलला नाही. ‘इमारतींसाठी ऊर्जा कार्यक्षमता कार्यक्रम’ म्हणाला. गळ्यात ओळखपत्र, फाइलवर बीईईचे तारे, आणि आधी फुकट एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठे किती जाते याची तपासणी. यंत्राची किंमत ५,५०० रुपये, निम्मं सरकारी अनुदान, म्हणजे घरटी २,७५०. ४२ फ्लॅटचे झाले १,१५,५००, वर पंप आणि लिफ्टच्या लाइनसाठी पॅनेलचे ३८,०००. सेक्रेटरी म्हणून सही माझी, त्यामुळे शिव्याही मलाच. सभेत हात सगळ्यांनी वर केले होते, इतिवृत्तात आहे.

(बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, केंद्राची नियामक संस्था. ती दारोदार यंत्रं विकत नाही. ताऱ्यांचं लेबल पंखा, एसी, फ्रिजवर असतं, असल्या डब्यांवर नाही.)

आता तो डेमो. टेबलावर छोटी मोटर, वायरला करंट मोजणारं क्लॅम्प मीटर. आकडा ४.२ ॲम्पिअर. डबा जोडला, २.९. टाळ्या! तेवढ्यात मागून आमचे वायरमनकाका म्हणाले, "साहेब, ॲम्पिअर राहू द्या, वॉट दाखवा." तो हसून म्हणाला, "काका, करंट कमी म्हणजे बिल कमी." आणि मी काकांनाच गप्प केलं. तिथेच सगळं उघड होतं. डब्यात कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, असतो. मोटरला लागणारा, पण प्रत्यक्ष काम न करता वायरीत नुसता ये-जा करणारा रिअ‍ॅक्टिव्ह करंट तो जागच्या जागी पुरवतो, त्यामुळे ॲम्पिअर खरोखरच उतरतात. पण घरचं मीटर किलोवॉट-तास, म्हणजे युनिट मोजतं, आणि युनिट तेवढेच राहतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा, सुधारून फायदा होतो तो कारखान्यांसारख्या मोठ्या ग्राहकांना. मी कॉमर्सचा माणूस, मला हे कुठून कळणार? शिवाय क्लॅम्प मीटर खोटं बोलत नव्हतं.

बिलं आली, जशीच्या तशी. डबा फोडला, तर आत एक कपॅसिटर, एक फ्यूज आणि हिरवा दिवा. तो दिवा आमचीच वीज खातो.

पोलिसांकडे गेलो. "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." वीज कार्यालयात म्हणाले, मीटरच्या पुढचं आमचं नाही. अरे, पण तुमच्या बिलाची रंगीत झेरॉक्स दाखवून तो माणूस आमच्या गेटमधून आत आला! निदान बिलाच्या मागे एक ओळ छापा, की आम्ही असली यंत्रं देत नाही. त्यावर साहेबांनी चहा मागवला, स्वतःसाठी. ऑनलाइन तक्रार केली, ती ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ झाली. त्या विभागाने ती पुन्हा वीज कार्यालयाकडे धाडली, आणि तिथून ‘निकाली’ असा मेसेज आला. काय निकाल लागला, कोण सांगणार? जनजागृतीच्या फलकांना पैसा आहे, तक्रार वाचायला माणूस नाही.

एनर्जी ऑडिट करायला येणाऱ्याकडे बीईईच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागा, आणि तो स्वतः पडताळा. अनुदान वजा करून रोख मागितली, की दार लावा. आम्ही अर्धी रक्कम एका खासगी यूपीआयवर पाठवली, तिची पावतीसुद्धा नाही. खरी बचत हवी असेल तर ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटच्या आसपासचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावा, फरक मीटरवर दिसतो.

ज्यांच्याकडे पावती आहे त्यांनी ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत चुकवू नये. पॅनेलची पावती आमच्याकडे आहे, त्या ३८,००० साठी आम्ही अर्ज करतोय. डबे फेकू नका, पुरावा आहेत.