आपल्या संशयातून घडणारी राजकन्या: बरेच महिने ‘स्ले द प्रिन्सेस’ खेळल्यानंतर

‘स्ले द प्रिन्सेस’ हा व्हिज्युअल नॉव्हेल प्रकारातला, म्हणजे चित्रं, संवाद आणि आपण निवडलेले पर्याय यांतून पुढे सरकणारा, भयकथेचा गेम पहिल्यांदा संपवला त्याला आता बरेच महिने झाले. त्यानंतर तो पुन्हापुन्हा उघडत राहिले, वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि त्याच्या कथनाबद्दल माझं मत पक्कं होत गेलं. यातली मधली प्रकरणं विलक्षण आहेत आणि त्यांना एकत्र बांधणारी चौकट त्यांच्या तोलाची नाही. हे नीट सांगायचं तर कथा थोडी उघडी करावी लागणार. अगदी शेवटी काय होतं ते सांगत नाही, पण मधल्या वाटांबद्दल मोकळेपणाने लिहिणार आहे. काहीच आधी कळायला नको असेल तर खेळून झाल्यावर वाचा.

टोरांटोच्या ब्लॅक टॅबी गेम्सने हा गेम २३ ऑक्टोबर २०२३ रोजी आणला. हा स्टुडिओ म्हणजे मुख्यतः टोनी हॉवर्ड-आरियास आणि ॲबी हॉवर्ड हे दाम्पत्य. ॲबी हॉवर्ड आधीपासून भयकथांच्या कॉमिक्ससाठी ओळखल्या जातात आणि इथली पेन्सिलीने काढलेली चित्रं त्यांचीच. गेम प्रौढांसाठी आहे, पण तो कामुक दृश्यांमुळे नव्हे. देह फाटतात, हाडं उघडी पडतात, स्वतःवर सुरा चालवण्याची वेळ येते, एकाने दुसऱ्याला शब्दांनी हळूहळू वाकवत नेण्याचे लांबलचक प्रसंग आहेत. चित्रं कृष्णधवल असल्यामुळे यातलं काही सौम्य होत नाही. ज्यांना आत्मघाताचे उल्लेख त्रास देतात त्यांनी हे वाचून मगच ठरवावं.

मांडणी एका दमात सांगता येते. जंगलातली पायवाट, वाटेच्या टोकाला एक लाकडी घर, त्याच्या तळघरात साखळीने बांधलेली राजकन्या. एक निवेदक तुम्हाला बजावतो की तिला मारा, नाहीतर जग संपेल. का संपेल, कसं संपेल, हे तो सांगत नाही. वरच्या खोलीत टेबलावर सुरा ठेवलेला असतो. तो उचलायचा की नाही, हा पहिला खरा निर्णय.

कथनाची सगळी ताकद या निर्णयात दडलेली आहे, आणि ती कळायला वेळ लागतो. सुरा घेऊन जिना उतरलात तर खालून येणारा आवाज कोरडा, धारदार असतो. ती तुम्हाला जोखत असते, आणि तिच्या बोलण्यात धमकी आहे की हुशारी, हे ठरवता येत नाही. रिकाम्या हाताने उतरलात तर तीच राजकन्या मऊ आवाजात बोलते, भाबडी वाटते, सोडवण्याची विनंती करते. पहिल्यांदा खेळताना माणूस यातलं एकच रूप पाहतो आणि ‘ही अशीच आहे’ असं धरून चालतो. दुसऱ्या खेपेला लक्षात येतं की ‘अशीच’ असं काही नव्हतंच. तुम्ही तिच्याकडे कोणत्या नजरेने गेलात त्यावर ती घडते. भीती घेऊन गेलात तर भीती वाटावी अशीच भेटते, आणि मग तिला पाहून तुम्ही म्हणता, बघा, मी घाबरलो ते बरोबरच होतं.

भयकथेत राक्षस बाहेरून येतो आणि आपण त्याच्यापुढे असहाय असतो, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. इथे राक्षसाच्या घडणीत आपला हात आहे, आणि गेम हे आपल्या तोंडावर फेकत नाही. पहिल्या प्रकरणात जे केलं त्यातून दुसऱ्या प्रकरणाची राजकन्या तयार होते, एवढंच दाखवतो. हिशेब आपण मांडायचा. पर्यायांवर आधारलेल्या कथांमध्ये निर्णयाचा परिणाम बहुधा घटनांवर होतो, कोण जगलं, कोण मेलं. इथे परिणाम व्यक्तीवर होतो, तिच्या स्वभावावर, आवाजावर, अंगकाठीवर. असं करून दाखवणारी दुसरी व्हिज्युअल नॉव्हेल माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

प्रकरणांना राजकन्येच्या त्या त्या रूपाचं नाव आहे. माझ्या मते सर्वात भयंकर प्रकरण ‘द डॅम्झेल’ (सुटकेची वाट पाहणारी तरुणी) आहे, आणि त्यात रक्ताची गरजच पडत नाही. तुम्ही तिला वाचवायचं ठरवलंत की दुसऱ्या प्रकरणात ती परीकथेतल्यासारखी गोड होऊन भेटते. तुम्ही म्हणाल ते तिला मान्य असतं. बाहेर जायचं? चला. इथेच थांबायचं? तेही चालेल. तिथे तिला विचारता येतं की तुला स्वतःला काय हवंय. ती सांगते, तुम्ही खूश असावं एवढंच. पुन्हा विचारा. पुन्हा तेच. विचारत राहिलात तर तिचं चित्र विरघळायला लागतं. छाया जातात, बारकावे जातात, चेहऱ्याच्या जागी लहान मुलाने काढावा तसा ढोबळ आकार उरतो, आणि तो आकारही गोड आवाजात ‘हो’ म्हणत राहतो. सुटका करणाऱ्याला हवी असते तशी बाई बनवली की तिच्यात कोणी उरत नाही, हे लेखनाने एका वाक्यातही न सांगता चित्राकडून वदवून घेतलं आहे. शब्द, चित्र आणि खेळणाऱ्याचा हट्ट हे तिन्ही एकाच कामाला लागलेत, अशी जागा या माध्यमात क्वचित सापडते.

‘द नाइटमेअर’ची भीती वेगळ्या जातीची आहे. तळघराला कुलूप लावून तिला आत कोंडलंत तर ती पुढे ज्या रूपात येते तिच्या नुसत्या जवळ असण्याने शरीर काम करायचं थांबवतं. निवेदक शांतपणे सांगत राहतो की आता श्वास गेला, आता हृदय. ‘द टॉवर’मध्ये ती अवाढव्य झालेली असते आणि तिचा शब्द आज्ञा म्हणून उतरतो. प्रतिकाराचा पर्याय समोर दिसत असतो, तो निवडता, आणि तरी गुडघे टेकले जातात. पर्यायांची यादी हीच ज्या माध्यमाची ओळख, तिथे पर्याय निवडूनही न मिळणं, हा धक्का कागदावरच्या कथेला देता आला नसता.

आणि मग ‘द थॉर्न’. तिथपर्यंत जाणारी वाट दोघांनी एकमेकांना दगा देण्यातून निघते. ती काटेरी वेलींत अडकलेली आहे, तुमच्यावर विश्वास ठेवायला तिच्याकडे एकही कारण नाही, आणि तुमच्याकडेही नाही. हल्ला होत नाही. दोघं बोलतात, थबकतात, माघार घेतात. सुरा पुन्हा हातात येतो तेव्हा तो कशासाठी वापरायचा हे ठरवताना मला पहिल्यांदा जाणवलं की गेमच्या सुरुवातीलाच ‘ही प्रेमकथा आहे’ असं जे लिहून येतं ते लेखकांनी मनापासून लिहिलेलं आहे. भयकथेत दिलजमाईचा प्रसंग खरा वाटावा लागतो तेव्हा बरेच लेखक घाईने मिठी मारून मोकळे होतात. इथे प्रत्येक पाऊल शंकेतून जातं आणि म्हणूनच ते पटतं.

आवाजांबद्दल. निवेदक आणि तुमच्या पात्राच्या डोक्यात बोलणारे सगळे आवाज जोनाथन सिम्स यांनी दिले आहेत, राजकन्येची सगळी रूपं निकोल गुडनाइट यांनी. तुमच्याबरोबर ‘नायका’चा आवाज कायम असतो, आणि पहिल्या प्रकरणात जसे वागलात त्याप्रमाणे दुसरा येऊन मिळतो: मोहित झालेला, हट्टी, भेदरलेला, खचलेला, थंड, उलट चालणारा. कल्पना सुंदर आहे. तुमच्या वागण्याने राजकन्या बदलते तसं तुमचं स्वतःचं मनही बदलतं, आणि ते ऐकू येतं. खचलेल्या आवाजाची विनवणी ऐकताना मी कित्येकदा थांबले आहे. निकोल गुडनाइट यांचं काम तर असं आहे की एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना कलाकार एकच आहे याचा विसर पडतो.

पण हेच आवाज कथेचं नुकसानही करतात. ते फार बोलतात. दाराआडून काहीतरी सरपटत येतंय, खोलीत अंधार आहे, आणि दोन आवाज एकमेकांना चुरचुरीत टोमणे मारतायत. भीती साचायला जी शांतता लागते ती मिळतच नाही. विनोद वाईट आहे असं नाही, त्याची जागा चुकते. शिवाय आपल्याला काय वाटावं हे आवाज आधीच सांगून टाकतात. एखाद्या दृश्याने अंगावर काटा येत असतानाच आतून कोणीतरी म्हणतं की हे काहीतरी भयंकर आहे. ते मला दिसत होतं. ‘द रेझर’ (वस्तरा) या वाटेवर हा दोष सर्वात उघडा पडतो. तिथे मरणं पटापट घडतं, आवाजांची गर्दी वाढत जाते, सगळा भर धावपळीच्या गमतीवर असतो. पहिल्यांदा मजा आली. पुढच्या खेपांना ते प्रकरण कधी संपतं असं झालं, कारण त्या राजकन्येत धारेपलीकडे जाणून घ्यायला फारसं काही नाही.

आता चौकटीकडे. प्रत्येक वाट संपली की तुम्ही एका रिकाम्या जागी येता. तिथे अनेक हातांची एक विराट शक्ती भेटते, राजकन्येचं ते रूप आपल्यात सामावून घेते, आणि आणखी रूपं आणायला सांगते. अशी पाच रूपं जमली की अखेरचा भाग सुरू होतो. दुसऱ्या प्रकरणाच्या दहा वाटा आहेत, त्यामुळे एका खेळात साधारण निम्म्याच दिसतात आणि आधी घेतलेली वाट त्या खेळात पुन्हा घेता येत नाही. रचना म्हणून हे हुशारीचं आहे. वाचकाला नव्या स्वभावाने वागायला भाग पाडलं जातं. मात्र भावनेच्या पातळीवर मला ते खुपलं, आणि महिने गेले तसं जास्त खुपत गेलं. काटेरी वेलींतली ती मुलगी, विरघळून गेलेली ती डॅम्झेल, यांच्याशी जे घडलं ते फक्त त्यांच्याशीच घडलं होतं. चौकट त्यांना नमुने करून टाकते. पाचातला एक अनुभव असा, दुसरा तसा. ज्या दुःखाला वेगळेपण होतं त्याला क्रमांक लागतो.

शिवाय चौकट समजावून सांगते. राजकन्या कोण, निवेदकाला काय हवं होतं, मृत्यू आणि बदल यांचं नातं काय, याची उत्तरं अखेरच्या भागात संवादातून मिळतात, आणि ते संवाद लांब आहेत. वादाचे मुद्दे पोरकट नाहीत. मृत्यू नसलेलं जग हवं का, या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना लेखकांनी वजन दिलंय, आणि तुम्ही कोणती रूपं आणलीत त्याचे पडसाद त्या बोलण्यात उमटतात, ही मेहनत दिसते. तरी तळघराच्या जिन्यावर जे पोटात गोळा आणत होतं ते इथे तत्त्वचर्चेचा विषय होतं. नाव मिळालेल्या गोष्टीची भीती कमी होतेच. निवेदकाच्या बाबतीत तर हे जास्तच जाणवतं. तो काय लपवतोय हे माहीत नसताना त्याचा प्रत्येक शब्द तपासावा लागत होता. घरातला आरसा आपल्याला दिसतो आणि त्याला दिसत नाही, या एका तपशिलाने जितकं अस्वस्थ केलं तितकं त्याच्या सगळ्या स्पष्टीकरणाने मिळून केलं नाही.

पुनरावृत्तीचा त्रास आहे, पण तो मला क्षम्य वाटतो. दर खेपेला पायवाट, घर, जिना. वाचलेला मजकूर पुढे पळवता येतो. तरी मी सुचवेन की तळघरातली बोलणी पळवू नका. मागे काय घडलं त्यानुसार वाक्यं बदललेली असतात आणि बरीचशी उत्तम वाक्यं या बदलांतच आहेत. ज्या प्रश्नांनी कथा पुढे सरकत नाही त्यांच्यावर वेगळी खूण असते, त्यामुळे निर्धास्तपणे सगळं विचारता येतं. ही साधी सोय कथेला मोठा श्वास देते.

ब्रँडन बून यांचं संगीत चांगलं आहे, राजकन्येच्या प्रत्येक रूपाला शोभेल असं. चित्रांबद्दल एकच सांगते: रेघ थरथरते, पुसलेल्या खुणा राहतात, आणि तुमचे स्वतःचे हात चौकटीत येतात तेव्हा ते माणसाचे नसतात. यावर कोणी बोलत नाही बराच वेळ. अशी न बोललेली जागा मला या गेममध्ये अजून हवी होती.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘द प्रिस्टीन कट’ ही वाढीव आवृत्ती आली. आधीच गेम घेतलेल्यांना ती मोफत मिळाली आणि गेम कन्सोलवरही पोचला. नवी प्रकरणं, काही जुन्या प्रकरणांचा विस्तार आणि एक नवा शेवट तिच्यात आहे. विस्ताराचा खरा फायदा ‘द फ्युरी’सारख्या जागांना झाला. त्या आधी घाईत आटोपल्यासारख्या होत्या, आता त्या राजकन्येच्या रागाला पुरेसा वेळ मिळतो. चौकटीचा दोष मात्र या आवृत्तीनेही मिटलेला नाही, आणि मला नाही वाटत तो मिटवण्यासारखा होता. त्या चौकटीशिवाय दहा वाटा एकत्र आल्याच नसत्या.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. पहिल्या खेळात कोणतीही मार्गदर्शिका उघडू नका आणि सगळं पाहायच्या हव्यासाने वाटा निवडू नका. त्या क्षणी जे करावंसं वाटेल तेच करा, कारण राजकन्या त्यातूनच घडणार आहे आणि ठरवून केलेल्या निवडीतून घडलेली राजकन्या तितकी बोचत नाही. दोन वाटांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या. इंग्रजी संवाद भराभर येतात, म्हणून अक्षरं पडद्यावर यायचा वेग सेटिंगमध्ये कमी करून घ्या. आणि डॅम्झेल भेटली तर तिला तो प्रश्न विचारा, एकदा विचारून थांबू नका.