मूडल, दोन सत्रांनंतर: चाचण्यांना उत्तम, बाकी जपून

मूडल म्हणजे कोर्स, चाचण्या आणि असाइनमेंट ऑनलाइन चालवायची प्रणाली. फुकट आहे, २००२ पासून आहे आणि काही पानं दिसतातही तितकीच जुनी. बडोद्यात पदवीच्या वर्गांना दोन सत्रं वापरल्यावर मत असं झालंय: घ्यायचं तर चाचण्यांसाठी घ्या.

प्रश्नपेढी हा त्याचा जीव. एका घटकाचे साठ प्रश्न भरून चाचणीत त्यातले १५ ‘रँडम’ लावले, तर शेजारच्या दोघांत सरासरी चारेकच प्रश्न सारखे निघतात. प्रश्न एकेक टाइप करत बसू नका. ‘गिफ्ट’ नावाच्या, मूडलला वाचता येणाऱ्या पद्धतीने साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून एकदम चढवा. महिरपी कंसात पर्याय, बरोबर उत्तराआधी =, चुकीच्याआधी ~. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठी-गुजराती मजकुराचा कचरा होतो. गणितवाल्यांनी जास्त जपायचं: पर्यायात ‘क्ष = ५’ असलं की मूडलला तिथून नवा पर्याय सुरू झाला असं वाटतं. त्या = च्या आधी \ द्यावा लागतो.

हमखास घोळ होतो तो ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’मध्ये, म्हणजे पेपर दिल्यावर मुलांना काय कधी दिसावं ते ठरवतो तिथे. ‘राइट आन्सर’ची खूण फक्त चाचणी बंद झाल्यानंतरच्या रकान्यात ठेवा. आधीच्या रकान्यांत राहिली, तर पहिल्याचा पेपर संपताच उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर! दुसरा घोळ वेळेचा. चाचणी ११ वाजता बंद होणार असेल आणि मुदत ४० मिनिटांची असली, तरी १०:४५ ला बसणाऱ्याला पंधराच मिनिटं मिळतात. पादरा-डभोईहून अप-डाऊन करणारी मुलं असतात, तेव्हा अवधी ऐसपैस ठेवा. नेट गेलं तर फार घाबरू नये. उत्तरं साधारण दर मिनिटाला आपोआप साठतात, पुन्हा लॉगिन करून पुढे जाता येतं. घड्याळ मात्र थांबत नाही.

असाइनमेंटची ‘ड्यू डेट’ उलटली तरी मूडल फाइली घेतच राहतं, फक्त उशिराचा शेरा मारतं. दार लावायला ‘कट-ऑफ डेट’ लागते. फाइलच्या आकाराला सगळ्यांत लहान मर्यादा लागू होते, आणि पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) मूळ सेटिंगला २ एमबीच सोडतं. सर्व्हरवर वाढवल्याशिवाय कोर्समध्ये वाढवून उपयोग नाही. तोवर मुलांना स्कॅनर अ‍ॅपमधून काळी-पांढरी पीडीएफ करायला सांगा.

व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून नुसता दुवा द्या. ग्रेडबुक, म्हणजे मूडलची गुणांची वही, डोकं खातं. गुण एक्सेलमध्ये उतरवून तिथेच बेरीज करावी.

मेल जात नाहीत, वेळ संपलेले पेपर अडकून पडलेत, अशी ओरड झाली की आधी क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप कामं उरकणारा प्रोग्रॅम, बघा. तो दर मिनिटाला चालायला हवा. बंद पडला असेल तर अ‍ॅडमिनच्या ‘नोटिफिकेशन्स’ पानावर तसा इशारा येतो.